बंगल्याचं दुसरं दार

६ मार्च १९३४
पाळक साहेबांनी बोलावून सांगितलं, मिशनच्या बंगल्याच्या मागच्या भिंतीत दार पाडायचं. ईस्टरच्या आत. काम माझ्याकडं, मी गवंड्याचा पोरगा, अन् कॉलेज सोडून रिकामा.
दार कशाला? तर खालच्या आळीच्या लोकांना. बैठकीत वरच्या आळीची माणसं असतात, त्यांना अवघडल्यासारखं होतं म्हणे.
खालची आळी म्हणजे आम्हीच. जाती सोडून एकाच पाण्यानं बाप्तिस्मा घेतला, आता दारं दोन. थू.
वर हसून म्हणाले, "काम बराबर कर, मंग मार्थाचं बोलू." म्हणजे लेकीचा भाव एक भगदाड.

८ मार्च
बंगला निरखून आलो. काळ्या दगडाच्या जाड भिंती, उतरती कौलं, अन् बैठकीच्या भिंतीत शेकोटी. वर धुराडं. जालन्याच्या उन्हात! आता त्यात पोपट राहतात. आधीच्या गोऱ्या म्हाताऱ्या पाद्र्यानं आपल्या गावच्या पाद्र्याच्या घरासारखं हुबेहूब बांधून घेतलं. त्याला इंग्रज म्हटलं की चिडायचा, मी वेल्सचा म्हणायचा. त्याच्या गावी त्या घराला दार एकच, रस्त्यावर उघडणारं. म्हणून इथंही एकच. मागच्या दाराची वरच्या आळीची भुणभुण तेव्हाही होती. त्यानं बिलकुल ऐकलं न्हाई. भिंत माझ्या बापाच्या, अण्णाच्या हातची. मी त्याच दारातून नाक पुसत आत गेल्तो, पहिली अक्षरं तिथंच...
जाऊ दे.

११ मार्च
शिकवून शाळेतून निघताना मार्था भेटली. हैदराबादेत परीक्षा टाकून आल्तो ते तिच्यासाठी, हे अजून धड सांगितलेलं न्हाई. म्हटलं, मी दार पाडणार न्हाई.
"मग बाबा दुसरा गवंडी बघतील. अन् दुसरा जावई."
तुला काय पाहिजे, विचारलं. छत्री उघडून चालू लागली.


१५ मार्च
अण्णाला सांगितलं. वाटलं, पेटून उठेल.
"दोन दगडांपायी लगीन मोडतो का येड्या? हवा येईल तेवढीच."
पाळकाची आली न्हाई इतकी किळस आली. बापाची. अन् क्षणभर मलाही ते पटलं, त्याची जास्त.

२४ मार्च
मी गेलो न्हाई. अण्णा छिन्नी घेऊन स्वतः गेला. एकही दगड फुटू दिला न्हाई. संध्याकाळी खुशीत सांगून राह्यला, चुना अजून कसा लोखंडासारखा आहे. नव्या उंबऱ्याबाहेर उभा करून चहा दिला त्याला. कान तुटलेल्या कपात. तेही खुशीतच सांगितलं.

१ एप्रिल, ईस्टर
उपासनेनंतर लग्नाचं बोलायला बोलावणं. अण्णा नवा रुमाल बांधून निघाला, बंगल्याशी आला अन् सरळ मागच्या दाराकडं वळला. म्हटलं, अण्णा, पुढून.
"आपल्यासाठीच केलंय ना," म्हणाला अन् गेला आत.
मी पुढच्या पायरीवर. म्हाताऱ्याच्या वेळी दिवसा हे दार कधी लागलेलं पाह्यलं न्हाई. आज बंद. वाजवलं. पाळक साहेब खिडकीत आले. "मागून ये. सगळे खोळंबलेत."
हललो न्हाई. पायरीवर बसून हे खरडतोय. आत अण्णा कशाला तरी हसला. बशा वाजल्या. मग मार्थाच्या चपला, दाराकडं येणाऱ्या.
कडी वाजली. काढली का घातली, कळंना.