शाफ्टवर अंगठा

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. हात काळे आहेत, तेवढं चालवून घे.

पत्राला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. नवी नोकरी लागली. सातवी. तू मोजणारच म्हणून मीच सांगून टाकलं. बाटल्यांच्या कारखान्यातून मी स्वतःहून निघालो. मुकादम म्हणतो त्याने काढलं. दोघांचंही खरं असेल.

इथे झिजलेलं लोखंड भरून देतात. वेल्डिंग नव्हे. बंदुकीसारखं एक यंत्र असतं. तोंडाशी ज्योत, मागून धातूची पावडर. पावडर ज्योतीत वितळते, वाऱ्याच्या जोराने शाफ्टवर आदळते आणि चपटी होऊन बसते. शाफ्ट लेथवर फिरत राहतो, आणि आजारातून उठलेला माणूस अंगाने भरावा तशी झिजलेली जागा भरत जाते. खालचं लोखंड फारसं तापत नाही, त्यामुळे वाकतही नाही. आवाज मात्र असा की कान झाकले तरी दात वाजतात. बंदूक माझ्याच हातात असते म्हण ना. उस्ताद तर मला विचारल्याशिवाय काम सुरूच करत नाही.

बाबांना सांग, वेळेवर जेवतो. महिनाभर बघतो. नाही जमलं तर बंदरावर माणसं घेतायत, तिकडे जाईन.

माया आहे तितकीच राहू दे. वाढवलीस की उपदेशही वाढतो.
तुझा,
धाकटा

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. तुझा कान इथून हाताला लागत नाही, म्हणून नुसतेच आशीर्वाद.

गिरणी गुरुवारपासून बंद आहे. बेअरिंग आतून ढिलं झालं आणि शाफ्टवरच फिरत राहिलं. शाफ्ट त्या जागी इतका झिजलाय की नवं बेअरिंग घातलं तर खुळखुळतं. मागे कोपऱ्यावरच्या वेल्डरने भरून दिला होता तेव्हा त्याचं केळं झालं होतं, आठवतं ना? नवा शाफ्ट यायला दोन महिने म्हणतात.

तेवढ्यात बाबांनी परस्पर ठरवून टाकलं की गिरणीची खोली शेजारच्या सायकलवाल्याला द्यायची. त्यांचे गुडघे दुखतात, आणि पोरीने किती दिवस पिठात राहायचं, म्हणे. तीन वर्षं गिरणी मी चालवते. पट्टा मी बदलते, दगडाला टाकी मी लावते. पण ठरवताना मला कोण विचारतंय! मला दुसरं काही येत नाही असं नाही रे, मला दुसरं काही करायचंच नाही. सायकलवाला पाच मार्चला पक्कं करायला येणार. परवा तो पावलांनी खोली मोजत होता, आणि मला वाटलं जेवण जिरवतोय.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पावडर लावायला तो शाफ्ट आहे की तोंड?" मी लक्ष दिलं नाही. उद्याच्या ट्रकने शाफ्ट पाठवते आहे. बंदूक तुझ्या हातात असते ना, मग चालव. आजवर तुझ्या पुष्कळ थापा पोटात घातल्या. ही तेवढी थाप नसू दे.

लोभ आहेच, पण तो पाच तारखेवर ठेवलाय.
ताई

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. का घालतोय ते खाली कळेल.

बसून वाच. बंदूक माझ्या हातात नसते. मी पट्ट्या लावतो. जिथे धातू बसायला नको ती जागा आधी चिकटपट्टीने झाकतात, ते माझं काम. शिवाय झाडतो. उस्ताद मला विचारल्याशिवाय सुरू करत नाही हे खरं आहे. तो विचारतो, पट्ट्या लावल्यास का.

उस्तादाला शाफ्ट दाखवला. त्याने आधी शाफ्टकडे बघितलं, मग माझ्याकडे. गिरणी कोण चालवतं, म्हणाला. बहीण, म्हटलं. मग सुट्टीच्या दिवशी करून देऊ म्हणाला. तू चालवत असतास तर नसता दिला, असंही म्हणाला.

इथे एक नियम आहे. आधी त्या जागेवर धारदार दाण्यांचा मारा करून ती खरखरीत करतात, म्हणजे वरच्या धातूला धरायला काही मिळतं. त्यानंतर तिथे कोणी बोट लावायचं नाही. मालकानेसुद्धा नाही. हाताचं तेल लागलं की थर धरत नाही. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. मान मी लवकर डोलावतो.

दाण्यांचा मारा उस्तादाने मला करू दिला. काय जागा निघाली, ताई! राखाडी, मांजराच्या जिभेसारखी. आणि शाफ्ट आपल्या गिरणीचा. उस्ताद वळला, आणि मी एकदाच, अगदी एकदाच, वरून अंगठा फिरवला. सकाळीच केसांना तेल चोपडलं होतं.

थर सुरेख बसला. मग घासायच्या चाकाखाली गेला आणि एक सालपट टपकन खाली पडलं. उस्तादाने ते उचललं, माझा हात धरला, आणि अंगठ्यावर ठेवून बघितलं. बरोब्बर मापाचं. मग ते कचऱ्यात टाकून तो चाक पुसायला लागला. बाकीच्यांनी मात्र माझं नाव अंगठेबहाद्दर ठेवलंय. शाळा सोडली तेव्हा मास्तर हेच म्हणाले होते.

आता सगळा थर उतरवून पुढच्या सुट्टीला, सत्तावीसला, पुन्हा करायचा. शिव्या दे, पण बाबांना हे पत्र ऐकवू नकोस.

उरली असेल तेवढी माया असू दे.
धाकटा

दि. २४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, अंगठा सोडून.

ऐकवू नकोस हे तू शेवटी लिहिलंस, तोवर बाबांना वाचून झालं होतं. ते इतके हसले की गुडघा विसरून उभे राहिले. मला हसू आलं नाही. नेहमीची सहा घरं पलीकडच्या गिरणीत गेली. त्यातली एक बाई मला रस्त्यात गाठून सांगते की तिथलं पीठ जाड येतं. जणू मी काही करू शकते.

बंदुकीची थाप मला पहिल्या पत्रातच कळली होती. तरी शाफ्ट पाठवला, कारण तिथे तू सोडून आपलं कोण आहे? हातात मोजे घाल. नसतील तर हात खिशात ठेव.

लोभ अजून लोंबकळतोच आहे.
ताई

दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
कोपरापासून नमस्कार.

झालं! पट्ट्या लावून झाल्यावर उस्तादाने त्याच पट्टीने माझे हात मागे बांधले. खरंच बांधले. नाक खाजलं तरी तसाच उभा राहिलो. थर चाकाखाली गेला तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तर खाली काही पडलेलं नव्हतं. मापाला केसभर इकडेतिकडे नाही.

आता नीट वाच. शाफ्ट त्या जागी मळकट दिसेल, बारीक छिद्रं दिसतील. तो तसाच असतो, छिद्रांत तेल राहतं. बाबांना सगळं चकचकीत लागतं. त्यांना जवळ फिरकू देऊ नकोस आणि त्यांची कानस लपव. शाफ्ट ट्रकवाल्याकडे दिलाय, पत्र टपालाने येतंय. कोण आधी पोचतं बघू.

उस्ताद पावडर भरायला शिकवेन म्हणतो. बंदरावर अजून माणसं घेतायत. ते नंतर बघू. पाच तारखेचं मात्र लगेच कळव. 

लोभ खाली उतरव आता.
धाकटा

दि. ६ मार्च

चि. धाकट्यास,
बापाचा आशीर्वाद. या वर्षातला पहिलाच आहे, जपून वापर.

ताईचे हात पिठात आहेत म्हणून मी लिहितोय. शाफ्ट तीन तारखेला आला, तुझं पत्र चारला. मधल्या वेळात मी काय केलं ते ताई रंगवून सांगेल, त्यापेक्षा मीच सांगतो. शाफ्ट बघितला. म्हटलं, पोराने काम अर्धवट सोडलं, नोकऱ्या सोडतो तसं. कानस घेऊन बसलो. बावीस वर्षं वापरलेली कानस. दुपारपर्यंत घासलं. शाफ्टवर ओरखडासुद्धा नाही. कानस उलटून बघितली तर तिला एक दात शिल्लक नाही, टकलासारखी गुळगुळीत. ताई बघून खालीच बसली. मला वाटलं रडते, पण ती हसत होती. कानस ट्रकवाल्याकडे पाठवतोय. तुझ्या उस्तादाला दाखव आणि तिच्यावर पावडर बसेल का विचार.

बेअरिंग घट्ट बसलं. तीन आठवड्यांचं दळण तुंबलेलं, काल सकाळपासून दारात ही गर्दी. त्यातच सायकलवाला टेप घेऊन आला आणि दारात उभा राहून काहीतरी बोलला. गिरणी चालू, मला ऐकू आलं नाही. पुन्हा बोलला. ताईने खुणेने विचारलं, बंद करू का. तोंड एवढंसं झालं होतं पोरीचं. मी मान हलवली, नको. तो आणखी काही बोलणार, एवढ्यात मागच्या बाईने त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं की डबा नसेल तर रांगेतून बाजूला व्हा. तो झाला.

प्रकृतीला जप, लोभ मी दाखवत नाही, पण आहे.
तुझा बाप