रूपीला तलासरीला धाडण्याबाबत

मसोली, डहाणू रोड
बुधवार, दुपार

ती. बायजीताईस जयवंतीचा नमस्कार.

तुझा गुडघा, तुझी म्हैस आणि तुझा शेजारी सुकऱ्या हे तिघेही ठीक असतील असं धरून चालते. काही बिघडलं असतं तर सुकऱ्याने आतापर्यंत मला फोन करून ते अर्धा तास सांगितलं असतं. तुझ्या कविताचं बाळंतपण होऊन ती सासरी गेली, म्हणजे तुझं घर पुन्हा रिकामं झालं. रिकाम्या घरात माणूस जेवण टाळतं, तसं तू करू नकोस. पेज पिऊन झोपलीस असं पुन्हा ऐकलं तर मी तिथे येऊन भांडेन.

फोन असताना पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. अगं, दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेलं ज्यांच्याविषयी बोलतो त्यांनाच आधी ऐकू येतं. सगळा जन्म टेलिफोन खात्यात घालवला, अख्ख्या गावाची बोलणी एकमेकांना जोडून दिली, आणि आता म्हातारपणी स्वतःच्या बहिणीशी मनातलं बोलायचं तर मला पोस्टाचं पाकीट आणावं लागतं. ते असो. सध्या माझी नात झोपली आहे, म्हणून लिहिता येतंय. ती उठली की हे पत्र जिथे असेल तिथेच संपेल.

तर ऐक. सगळं तुझ्या चिकवांपासून सुरू झालं. तू सुकऱ्याबरोबर पिशवीभर कच्चे चिकू पाठवलेस (पिकलेले पाठवले असतेस तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे मी तुझ्या खाती लिहून ठेवलं आहे). ते मी नेहमीसारखे तांदळाच्या पिंपात पुरले. रूपी शेजारी उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "आजी, काय?" मी म्हटलं, आत ठेवले की पिकतात, मग काढून खायचे. दोन वर्षांच्या मुलीला इतकं सरळ उत्तर द्यायला नको होतं. सिस्टर अ‍ॅग्नेस बोर्डिंगमध्ये म्हणायच्या की मुलांना नेहमी खरं कारण सांगावं. सिस्टर अ‍ॅग्नेसना मूलबाळ नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. टीव्हीचा रिमोट गेला. माझी डाव्या पायाची चप्पल गेली. दिपकच्या मोटरसायकलची किल्ली गेली, त्यावरून मायलेकांचं भांडण झालं. मी म्हटलं तू वेंधळा आहेस, तो म्हणाला तू आवरून आवरून हरवतेस. मग माझा चष्मा गेला, आणि चष्मा शोधायला चष्मा लागतो. शेवटी कोणाचा तरी फोन आला आणि आमचा तांदूळ वाजायला लागला. (लोक भिजलेला फोन वाळवायला तांदळात घालतात. आमचा कोरडाच होता.) झाकण काढलं तर एखादं दुकान मांडावं तसं सगळं आत नीट पुरलेलं. रूपीने एकेक वस्तू दाबून बघितली, चिकू दाबतात तशी, आणि चपलेबद्दल नापसंतीने मान हलवली. अजून कच्ची होती.

मी तिला रागावले. ती लगेच "सॉरी" म्हणाली. हे मी शिकवलं. मग शेजारच्या गुजराती काकूंकडून शिकलेलं "चालो" म्हणाली आणि निघून गेली. माफी मागून विषय संपवायची ही पद्धत तिने कोणाकडून उचलली ते मला माहीत नाही. आमच्या घरात माफी कोणी मागतच नाही.

आता रविवारचं सांगते, कारण खरा घोळ तिथे झाला. प्रगतीची आई, माझ्या विहीणबाई, नाशिकहून दोन दिवसांसाठी आली होती. बाई सज्जन आहेत, त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही, फक्त त्या तोंडावर कौतुक करतात. ताई, तुला हे वाचूनच धस्स झालं असेल. आल्या आल्या "किती गोड दिसते", मग "किती हुशार आहे", मग "गालावर रक्त कसं आलंय बघा", आणि हे सगळं मुलीच्या समोर, भर उजेडात, दार उघडं असताना! आपल्या आईने आपल्याला कधी बरं म्हटलं होतं? तुला ती काळी म्हैस म्हणायची, मला नकटी म्हणायची, आणि पाहुण्याने कौतुक केलं की लगेच "कसली शहाणी, नुसती खादाड" म्हणून ते पुसून टाकायची. तेव्हा कुठे तिला घास गिळता यायचा. सिस्टर अ‍ॅग्नेसनी मला शिकवलं की दृष्टबिष्ट काही नसते, आणि माझाही त्यावर विश्वास नाही. पण नसलेल्या गोष्टीसाठी पोर धोक्यात कशाला घाला?

धाकट्या डहाणूची रविना आमच्याकडे मासळी घेऊन येते, तिला हे बरोबर कळतं. टोपली उतरवते न उतरवते तोच म्हणते, "काय गं ही माकडी, अजून इथेच?" मी म्हणते, "घेऊन जा, बोंबलांबरोबर सुकत घाल." ती म्हणते, "नको बाई, माझे बोंबील पळून जातील." आणि जाताना एक पापलेट जास्त टाकते, रूपीसाठी, काही न बोलता. प्रगतीने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मी तेव्हाच तिला समजावून सांगायला हवं होतं. पण ही काय समजावून सांगायची गोष्ट आहे? समजावलं की कौतुकच झालं.

तर रविवारी मी दिवसभर विहीणबाईंच्या मागे मागे पुसत फिरत होते. त्या म्हणाल्या गोड, मी म्हटलं शेंबडी. त्या म्हणाल्या हुशार, मी म्हटलं डांबरट. दुपारी प्रगतीने भात लावला. तांदूळ धुताना जरा जास्तच फेस आला, ती म्हणाली नवा तांदूळ आहे. पानं वाढली. विहीणबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, आणि मोठ्या मनाने म्हणाल्या, "इकडच्या तांदळाला वास किती छान आहे, नाही? लिंबासारखा." (तुझ्याच शेतातला तांदूळ, ताई. त्याला आजवर लिंबाचा वास आल्याचं तुझ्याही कानावर नसेल.) तेवढ्यात रूपीने ताटलीवर हात आपटून जाहीर केलं, "साबू पिकला!" पातेल्याच्या तळाशी भांडी घासायच्या साबणाची वडी निघाली, तांदळाबरोबर पिंपातून आलेली. निम्मी विरघळली होती.

दुसऱ्या कोणत्याही घरात पोरीला एक धपाटा मिळाला असता आणि प्रकरण मिटलं असतं. विहीणबाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "अगं माझी सोनी, काय डोकं आहे! हिच्यासारखं मूल मी अख्ख्या आयुष्यात बघितलं नाही." अख्ख्या आयुष्यात! आता एवढं मोठं कौतुक पुसायला केवढी मोठी शिवी लागेल याचा तू विचार कर. माझ्याकडे वेळ नव्हता, मला जे सुचलं ते मी बोलले. म्हटलं, "मूल कसलं, माझ्या मागे लागलेली शिक्षा आहे ही. माझं रिटायरमेंट नासवलं हिने. कोणीतरी हिला घेऊन जा म्हणजे मी चार दिवस सुखाने जगेन."

मला वाटलं, चला, पुसलं गेलं. पण विहीणबाई माझ्याकडे अशा नजरेने बघत होत्या की जणू मी आजारी आहे, आणि प्रगती ताटात बघत होती.

संध्याकाळी दिपक माझ्याजवळ येऊन बसला. तो जवळ येऊन बसला की काहीतरी वाईट असतं. म्हणाला, "आई, आम्हाला कळलंच नाही की तुला एवढा त्रास होतोय." प्रगतीची तलासरीला बदली झाली आहे हे तुला माहीतच आहे. रोजचा हायवेचा बसप्रवास, त्यात ती दमते. तर त्यांनी असं ठरवलं की सोमवार ते शनिवार प्रगती आणि रूपी तुझ्याकडे राहतील. प्रगतीला ऑफिस जवळ, रूपीला अंगण, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईला आराम. प्रगतीने माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, तुम्ही खूप केलंत, आता सुटका." तिचे डोळे भरले होते. इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी घरातल्या घरात लुटलेलं नाही.

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "बरं झालं. सुटले."

आता तो शब्द परत कसा घ्यायचा ते मला कळत नाही. मला ती हवी आहे, एवढं चार शब्दांचं वाक्य आहे. मराठीत येतं, इंग्रजीत येतं, गुजरातीतही जमेल. पण आपल्या घरात हे वाक्य कोणी कधी बोललेलंच नाही, तर ते कोणत्या आवाजात बोलायचं? आई मला बोर्डिंगमध्ये सोडायला आली तेव्हा म्हणाली होती, "जा, एक तोंड कमी झालं खायला." मी आणि तू, दोघींनाही त्याचा अर्थ बरोबर कळला होता. तुम्ही दोघी घरी परतल्यावर तिने दोन दिवस चूल पेटवली नाही हे तूच मला पुढे सांगितलंस. दिपकला तो अर्थ कळत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. मीच त्याला चांगल्या शाळेत घातलं, जिथे माणसं बोलतात तेच त्यांच्या मनात असतं.

दुपारी रूपी झोपली की घर जागच्या जागी असतं. रिमोट टीव्हीखाली, चपला जोडीने, पाण्याचे पेले पालथे. नीट घर मला किती आवडतं ते तू जाणतेस. रविवारपासून मी रोज दुपारी खुर्चीत बसून त्या नीट घराकडे बघते आहे. सोमवार ते शनिवार ते असंच राहणार.

तेव्हा काय ते तू ठरव. रविवारी दोघं तुला विचारायला येतील. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घे. मला यात काहीच म्हणायचं नाही.

तुझी धाकटी,
जयवंती

ता. क. म्हणायचं आहे. तू नाही म्हण. गुडघा दुखतो म्हण, म्हैस मारकी झाली म्हण, काहीही सांग. तुझं घर रिकामं आहे आणि तुला ही पोर चालली असती, हे मला माहीत असून मी हे मागते आहे. राग आला तर मला दोन शिव्या देऊन पत्र पाठव.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी वरचं वाचून बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. प्रगतीचे हाल मी रोज बघते. तू नाही म्हणू नकोस. हो म्हण, पण अट घाल. कडक आवाजात सांग की एवढी द्वाड पोर सांभाळणं एकट्या बाईच्याने होणार नाही, जयवंतीला बरोबर पाठवलं तरच ठेवीन. मी नाही म्हणेन. तुझ्याकडे सारखी वीज जाते म्हणेन, कोंबड्या घरात येतात म्हणेन. तू ऐकू नकोस. दिपकसमोर मला आळशी म्हण, आयतोबा म्हण, हवं ते म्हण, पण हटू नकोस. मी तणतणत बॅग भरेन.

आणखी एक. माझ्यासाठी वेगळी खाट टाकू नकोस. रूपी झोपेत लाथा मारते. त्या उगाच दुसऱ्या कोणाला कशाला.