गेसेकेच्या कपाळावरचं पाणी

ल्युनेबर्ग,
संत कॅथरीनच्या सणाचा दुसरा दिवस, सन १४७८

प्रिय ताई,

गुडघे टेकून नमस्कार. तुझ्या मठातल्या सगळ्या भगिनींनाही सांग. तू पाठवलेला मधाचा केक पोचला. त्याचा एक कोपरा उंदराने कुरतडला, असं गाडीवान सांगत होता. मध मात्र त्याच्याच दाढीला लागलेला होता. मी उरलेला केक घेतला.

इकडे सगळं ठीक आहे. डुक्कर यंदा चांगलं माजलंय. माझी टाच फुटलीय आणि सर्दी झालीय. ती कशाने, ते पुढे येईलच. या महिन्यात तीन बाळंतपणं केली, तिन्ही सुखरूप.

मागच्या पत्रात तू विचारलंस की माझ्या प्रत्येक पत्रात हिनरिकच्या पिंपांचं एवढं कौतुक कशाला असतं. पिंपं चांगली करतो, गळत नाहीत, म्हणून लिहिते. मिठागरवाले दुसऱ्याकडून घेतच नाहीत. दुसरं काय असणार?

तर त्याचीच बातमी आहे. त्याची बायको मेटे जाऊन तीन वर्षं झाली, आणि त्यांची गेसेके आता सात वर्षांची आहे. मेटेची जिवाभावाची मैत्रीण आल्हाइड तुला आठवत असेल, ती विणकराची विधवा. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी गेसेकेला पाण्याच्या कुंडावर तिनेच धरलं होतं, म्हणजे तीच पोरीची धर्ममाता. मेटेची तशी इच्छा होती. मेटे गेल्यावर पोरीच्या वेण्या, ताप, फाटके मोजे सगळं आल्हाइडनेच पाहिलं. यंदा सफरचंदं उतरवायच्या दिवसांत दोघांनी फादर लुडेकेंना जाऊन सांगितलं की आम्हाला लग्न करायचंय.

फादरनी कपाळाला हात लावला. मुलीची धर्ममाता आणि मुलीचा बाप म्हणजे चर्चच्या लेखी बहीणभाऊ, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हिनरिकलाही होतं. पण तो म्हणाला, विचारून तर पाहू. रोमहून परवानगी आणता येते म्हणतात, पण ती राजेरजवाड्यांची कामं. राजाला चुलतबहिणीशी लग्न करायचं असलं की पोपचं पत्र घोड्यावर बसून येतं. पिंपवाल्यासाठी कोण घोडा दामटणार? शेवटी बिशपचा न्यायाधीश संत मार्टिनच्या सणाला इथे येईल आणि निकाल देईल असं ठरलं. निकाल काय लागणार हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आल्हाइडने हॅम्बुर्गला भावाकडे जायची तयारी केली. समोरासमोर राहायचं आणि लोकांची तोंडं ऐकायची, हे तिला जमण्यातलं नव्हतं. गेसेकेने जेवण सोडलं. माझ्याकडे येऊन बसायची, मी भरवला तर दोन घास खायची.

आता ताई, मन घट्ट करून लिहिते. गेसेके जन्मली तेव्हा मी काय केलं, हे सात वर्षांत मी कुणालाही सांगितलेलं नाही.

बाजाराचा दिवस होता, भर दुपार. पोर बाहेर आली ती निळी, गळ्याला नाळेचा फास. हलेना, रडेना. मी फास सोडवला, पाठीवर थापट्या मारल्या, काही नाही. बाळ बाप्तिस्म्याविना जाऊ नये म्हणून अशा वेळी सुईणीने काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. मी मडक्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, तिच्या कपाळावर ओतलं आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तिला बाप्तिस्मा दिला. सगळे शब्द म्हटले, एकही चुकला नाही. आणि कार्टी त्या पाण्याने दचकून अशी रडायला लागली की खाली गल्लीत लोक थांबले.

मेटेने माझा हात धरला. "सांगू नकोस ग," म्हणाली. "सासू म्हणेल अर्धमेली पोर जन्मली, अपशकुनी आहे. हिला चर्चमध्ये नेऊ दे, पांढरं कापड घालू दे." मी हो म्हटलं. असा प्रत्येक बाप्तिस्मा फादरना कळवायची शपथ मी घेतलेली आहे. ती मी मोडली. तिसऱ्या दिवशी गेसेकेवर दुसऱ्यांदा पाणी पडलं, आल्हाइडने तिला धरलं, आणि मी मागे उभी राहून आमेन म्हटलं.

बाप्तिस्मा एकदाच होतो. म्हणजे आल्हाइड तिची धर्ममाता नव्हतीच कधी. मी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी त्यांचं लग्न लागलं असतं. तरी सफरचंदांच्या दिवसांपासून संत मार्टिनपर्यंत मी गप्प राहिले.

तू म्हणशील, सुईणपण जाईल म्हणून घाबरली असेल. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण मार्टिनच्या आदल्या दिवशी आल्हाइड माझ्याकडे निरोप घ्यायला आली. चुलीशी बसली, रडली नाही. म्हणाली, "टालेके, हिनरिक एकटा राहायचा माणूस नाही. आणि पोर तुझ्याच हातून जेवते. माझ्या वाटेत चर्च आहे, तुझ्या वाटेत कोणी नाही. तू कर त्याच्याशी लग्न. दुसरी कुणी आली तर मला झोप लागणार नाही."

ताई, त्या क्षणी मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. गेल्या वर्षी उन्हाळ्यात हिनरिक माझं कपडे धुवायचं पिंप दुरुस्त करायला आला होता आणि काम संपल्यावरही तासभर बसला होता. तेवढ्यावर मी वर्षभर मनातले मांडे खात होते. त्याला माझ्याबद्दल तसं काही वाटत नव्हतं, मला वाटत होतं. आणि मला पक्कं ठाऊक होतं की पाणी ओतणारीच धर्ममाता होते. ही गोष्ट बाहेर पडली तर आल्हाइड मोकळी होणार आणि मी हिनरिकची जन्माची बहीण होणार. म्हणून माझं तोंड शिवलेलं होतं.

आल्हाइड गेली आणि मी कणीक मळायला घेतली. मळताना तिचे शब्द आठवले, की दुसरी कुणी आली तर झोप लागणार नाही. तिने पोरीचाच विचार केला होता, आणि मी माझं गुपित धरून पोरीला मिळणारी आई अडवून बसले होते. कणीक तशीच टाकून मी चर्चमध्ये गेले.

न्यायाधीश त्याच संध्याकाळी येऊन पोचला होता, म्हातारा, सर्दीने बेजार. संतांच्या अस्थींवर हात ठेवून मी सगळं सांगितलं. पाणी स्वच्छ होतं का, कपाळावर वाहिलं का, शब्द कोणते म्हटले, असं त्याने तीन तीनदा विचारलं. मग म्हणाला, "यात तुझा फायदा काय?"

"काही नाही, महाराज."

"मग तू त्या मुलीची धर्ममाता झालीस. तिच्या बापाशी तुझं लग्न कधीही होऊ शकणार नाही, हे कळतंय ना तुला?"

"ते तुमच्या आधी कळलंय मला," मी म्हटलं.

फादर लुडेकेंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. न्यायाधीशाने नाक पुसलं आणि लिहिणाऱ्याला म्हणाला, लिही, विवाहाला आडकाठी नाही.

मला प्रायश्चित्त मिळालं: तीन रविवार चर्चच्या दारात अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन उभं राहायचं. दोन झाले, टाच आणि सर्दी त्याचीच. एक राहिलाय. सुईणपण काढून घ्यायचं चाललं होतं, पण गल्लीतल्या चौदा बायका फादरकडे गेल्या. त्यातल्या पाच पोटुशा होत्या. त्यांनी विचारलं, मग आमची बाळंतपणं तुम्ही करणार का? फादरनी विषय सोडून दिला.

नाताळच्या आधीचा आगमनकाळ लागला की लग्नं बंद, म्हणून कालच उरकलं. आल्हाइडने निळा झगा घातला होता. जेवायला बदक होतं, बीअर होती. हिनरिक माझ्यापाशी आला, डोळे भरलेले, म्हणाला, "टालेके, आता तू आमच्या घरची." मी म्हटलं, "हो, आता माझं पिंप फुकट दुरुस्त करायचं." तो हसला, मीही हसले. काळजात थोडं दुखलं, पण जेवण मी पोटभर जेवले. खोटं सांगत नाही.

गेसेके रात्रीपासून माझ्याकडेच आहे. आईबापांना दोन दिवस मोकळं सोडलंय. आत्ता ती माझ्या पांघरुणात शिरून झोपलीय, माझी निम्मी उशी घेऊन. कुणीतरी तिला सगळं सांगितलंय. सकाळी मला विचारत होती, पाणी थंड होतं का. खूप थंड होतं, मी म्हटलं. तर मला म्हणाली, "मग तू माझी आहेस."

माझ्यासाठी प्रार्थना कर. दुःखात आहे म्हणून नको, बरी आहे म्हणून कर.

तुझी धाकटी,
टालेके सुईण,
हिनरिकच्या गेसेकेची धर्ममाता