फाझेकशांच्या जर्दाळूच्या बागेची वाटणी

मी, फाझेकश देझ्यो, वय एक्याऐंशी, राहणार केर्तेशहाझा, हंगेरी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि भलत्याच उत्साहात हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी उत्साह वर्ज्य सांगितला आहे, पण रविवारपासून माझा इलाज चालेना.

१. माझा टीव्ही लास्लो न्हाव्यास द्यावा. मी पंतप्रधानांना मत देतो म्हणून मेल्याने माझे केस कापायचे बंद केले. आता बसून त्यांची भाषणं ऐक म्हणावं.

मत मी दरवेळी त्यांनाच दिलं. त्यांनी सीमेवर कुंपण घातलं, गॅसचं बिल उतरवलं, ब्रसेल्सला तोंडावर सुनावलं, आणि मी घरात टाळ्या पिटल्या. मॉस्कोशी दोस्ती तेवढी घशाखाली उतरली नाही. छप्पन साली आमचा उठाव चिरडायला आलेला रशियन रणगाडा आमच्याच परसातून गेला होता.

२. जर्दाळूची संपूर्ण बाग मुलगी आगोता हिला देत आहे. ती ब्रसेल्समध्ये दुभाषी आहे, आणि पंतप्रधानांचं नाव काढलं की ताटावरून उठते. तरीही तिलाच. कारण सांगतो.

मुलगा गेर्गेय पंतप्रधानांच्या पक्षाचं काम करतो आणि बहिणीला परक्यांची नोकर म्हणतो. रविवारी त्याने बॅटरीच्या कारखान्याचे चिनी पाहुणे आणले. पंतप्रधानांचे नवे दोस्त. त्यांना माझी बाग हवी होती. आगोताही सुट्टीवर घरी आली होती. अंगणात बिअर आली. पाहुण्यांनी पेले उंचावले आणि कोटावर हंगेरीची तिरंगी फीत लावलेल्या माझ्या चिरंजिवांनी आपला पेला त्यांच्या पेल्यांवर खणकन आपटला.

१८४९ साली आमचं स्वातंत्र्ययुद्ध मोडून आमचे तेरा सेनापती मारले, तेव्हा ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी असेच बिअरचे पेले आपटले होते, असं आम्ही आजोबांपासून ऐकत आलो. तेव्हापासून आमच्या घरात बिअरचा पेला पेल्याला लागलेला नाही. पाहुण्यांना हे काय ठाऊक? आगोताने मात्र आपल्या पेल्यावर हात ठेवला.

"दादा, बिअरला आपल्यात असं करत नाहीत."

"ब्रसेल्सला राहून तू मला हंगेरियनपण शिकवणार?"

मला हसू आवरेना आणि रडूही. बाग विकायची नाही, हे मी तिथेच सांगून टाकलं.

३. राहतं घर आणि अंगणातली विहीर गेर्गेय यास देत आहे. पोटचा पोर आहे, त्याला टाकणार नाही. बागेला पाणी त्याच विहिरीचं, आणि घराकडे यायची वाट बागेतूनच. ही वाटणी मी मुद्दाम केली आहे. तिने वाट अडवायची नाही, त्याने पाणी.

एवढं लिहून होताच गेर्गेयने हे कलम वाचलं आणि विचारलं, "बाबा, ती पाणी मागायला आलीच नाही तर?"

मी म्हटलं, "तर तू न मागता सोड. देश देश करतोस ना, तो इथून सुरू होतो."

तो विहिरीकडे गेला आणि बराच वेळ बागेला पाणी सोडायच्या पंपाशी खटपट करत राहिला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून दोन्ही साक्षीदारांदेखत सही करत आहे.

फाझेकश देझ्यो

साक्षीदार:
शिपोश इल्दिको, पोस्टमनबाई
हेगेद्यूश मार्टोन, चर्चमधील ऑर्गनवादक

केर्तेशहाझा, १९ मार्च २०२५