गॅलनला बारा मैल

रवि. १८ जाने. ४२. अमरावती

आज दुपारी बडनेऱ्याच्या स्टेशनावर सुशीलानं मोटारीचं दार लावलं, आणि माझं सगळं तिथंच फिरलं. तोवर मी कॉलेज सोडून दादासाहेब वकिलांची मोटार हाकणारा एक माणूस होतो. आताही तोच आहे. पण.

मास्तरांची, म्हणजे तिच्या वडिलांची, अकोल्याच्या शाळेत बदली झाली. दादासाहेब शेजारी, म्हणून सामानासाठी मोटार दिली. सु. मागच्या गादीवर ट्रंकेला धरून बसली. दीड वर्ष वर्गात माझ्या पुढल्या बाकावर होती, तेव्हा जे बोलली नाही ते या सहा मैलांत बोलली. सगळं मोटारीबद्दलच. किती जुनी, कोणत्या संस्थानची, दिवाणसाहेबांनी का विकली.

उतरून दार लावलं. या दाराला खडखड नाही, नुसतं मऊ धप्प. तिनं परत उघडलं, परत लावलं. "किती हळू लागतं हो."

मी म्हणालो, "ही मोटार अकोल्यात तुमच्या दाराशी आणून उभी करीन."

"आगगाड्या जातात की रोज."

हसली. कशाला हसली ते कळलं नाही. मग मास्तर आले आणि माझ्या हातावर दोन आणे ठेवले. बक्षीस. मी घेतले. हात पुढे झालाच कसा, हेच अजून समजत नाही.

मंगळ. २०

बाबा वलगावहून वांग्याची पाटी घेऊन बाजारात आलेले, तिथून इकडे. प्रिन्सिपॉलसाहेबांचा निरोप त्यांच्याकडे गेला आहे: माफी लिहून दिली तर जूनपासून परत घेऊ.

"चार ओळी लिहाले तुह्यं काय जाते बे?"

"मी मारलं ते बरोबर मारलं."

"बरोबर मारलं तर मंग लिहून दे का बरोबर मारलं, पण माफी द्या."

फळ्यावर सु.चं नाव खडूनं लिहून खाली नको ते लिहिणाऱ्याला मी एक लावली, त्यापायी कॉलेज सुटलं, इतकंच. ती तेव्हा बाकावर मान खाली घालून बसली होती. माफी मागितली तर ते लिहिणं खरं ठरतं. बाबांना हे सांगता येत नाही. ते चार वांगी ठेवून गेले.

रवि. २५

रहीमचाचाच्या गॅरेजात मोटारीचा हिशेब एकदा नीट केला. आठ सिलिंडर, पाऊण टनाचं नुसतं नाक. पेट्रोलचा काटा केव्हाचा मेलेला, म्हणून चाचानं बांबूची कामटी तासून दिली आहे. एकेक गॅलन टाकीत ओतून दर गॅलनला खाच पाडली. पाच खाचा, सहा खाचा. मागच्या झाकणातून कामटी घालायची, कुठवर ओली होते ते बघायचं.

गॅरेजातून निघून वलगावची चक्कर मारून परत गॅरेजात मोजलं. गॅलनला नऊ मैल. ऑइल वेगळंच पिते. टायर दोन गोटे झालेत, लढाईपायी नवे मिळत नाहीत.

अकोला साठ मैल. म्हणजे पावणेसात गॅलन. दा.सां.ना महिन्याची पेट्रोलची रेशन-कुपनं आठ गॅलनची. त्यातच कोर्ट, क्लब, काकूंचं देवीचं दर्शन.

चाचा म्हणतो, "माणूस बुढा झाला का भूक कमी होते. इची वाढून राह्यली."

शनि. ३१

दा.सां.चा अकोल्याला दावा आहे, २ मार्चला, सोमवारी. शनिवारी २८ला जाऊन पक्षकाराकडे उतरायचं. १ मार्चपासून नव्या कुपनांचं पेट्रोल तिथंच मिळेल, म्हणजे परतीची चिंता नाही. जायचाच प्रश्न.

मी म्हणालो, मोटारनं जाऊ.

"अरे, ती मूर्तिजापूरपर्यंत तरी जाईल का? मी बडनेऱ्याहून रेल्वेनं जातो."

"साठ मैल पाच गॅलनमध्ये करून दाखवतो."

चष्म्यावरून बघितलं. "दाखव. गॅलनला बारा दिसू दे, मग बघू."

पक्षकारासमोर ही मोटार उतरावी असं त्यांनाही वाटतंच. मला माहीत आहे.

गुरु. ५ फेब्रु.

पेट्रोल कमी जावं म्हणून कार्बुरेटरचं जेट बारीक केलं. टायरमध्ये हवा जास्त. मागची गादी, सुटं चाक, दिवाणसाहेबांच्या काळची पितळी हंडी, सगळं वजन काढून ओसरीत ठेवलं. उताराला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडतो. बाजाराच्या चौकात एका टांगेवाल्यानं विचारलं, "मोटार मेली का जी?" मी उतरून त्याच्या अंगावर गेलो. लोकांनी सोडवलं.

मागची गादी संध्याकाळी परत बसवली. सु. तिथंच बसली होती.

बुध. ११

अकरा मैल. दोनदा मोजलं. पंपावर भरून कामटी पाहिली, दिवसभर हाकली, घरी आल्यावर अंगणात पाहिली. आता रोज चाचाकडे जायला नको, तेवढंच पेट्रोल वाचतं.

अंगण फाटकाकडं उतरतं. मोटारीचं तोंड वर ओसरीकडं असलं पाहिजे हा दा.सां.चा दंडक. पक्षकार ओसरीत बसतात. ते दोन मोठे दिवे समोर दिसले की फीबद्दल घासाघीस करत नाहीत म्हणे. मला सोयीचंच. सकाळी ब्रेक सोडला की मोटार आपोआप मागे घरंगळते, तशीच रिव्हर्समध्ये सुरू होते. बॅटरी वाचते.

सु.चं काही नाही. आगगाड्या जातात की रोज. हेच एक वाक्य दिवसभर डोक्यात

मंगळ. १७

बारा.

तीनदा मोजलं. बारा. दा.सां.ना ओसरीतून खाली आणून कामटी दाखवली. त्यांनी वास घेऊन पाहिला, जसं काही कामटीच खोटी बोलणार. मग म्हणाले, "ठीक. शनिवारी २८ला मोटारनं."

आज जेवण गेलं नाही. आनंदानं.

सोम. २३

दा.सां.च्या पत्त्यावर कार्ड, नाव माझं. सु.चं अक्षर. पाठ झालं आहे तरी उतरवून ठेवतो:

"आपलं लॉजिकचं पुस्तक चुकून आमच्या सामानात आलं. शनिवारी २८ला संध्याकाळी पाचला खामगावचे पाहुणे मला पाहायला यायचे आहेत, मग घरात गडबड राहील. त्याआधी येऊन, बाबांना भेटून, पुस्तक घेऊन जावं. रेल्वेचं वेळापत्रक बदललेलं नाही."

मी तिला कधी कुठलं पुस्तक दिलेलं नाही.

बाबांना भेटून, असं लिहिलं आहे. उघड्या कार्डावर. यापेक्षा जास्त कोण काय लिहील.

चाचाला वाचून दाखवलं. तो प्लग पुसत होता.

"आज सोमवार. उद्याच जा ना बेटा रेल्वेनं. शनिवारची वाट काहून पाहून राह्यला?"

"मोटार दाराशी आणीन म्हणून शब्द दिला आहे."

"तिनं मांगला होता का?"

मी पाना उचलून उगाच एक नट आवळला.

"मोटार घेऊन गेला तर मास्तर पयले काय करन? खिशात हात घालन. आणखी दोन आने देईन तुले."

मी पाना फेकला. त्याला लागला नाही, भिंतीला लागला. त्यानं उचलून आणून परत माझ्या हातात दिला आणि प्लग पुसत बसला.

शुक्र. २७

संध्याकाळी अंगणात कामटी पाहिली. सहा खाचा पूर्ण ओल्या. बाराच्या हिशेबानं बहात्तर मैल, साठ तर सहज. वर एक गॅलन शिल्लक, सु.ला मास्तरांसकट गावातून एक चक्कर देता येईल. मास्तरांना काय बोलायचं ते तीनदा लिहून फाडलं. जूनमध्ये कॉलेजात परत जाईन, असं लिहिलं होतं. म्हणजे माफी. बघू. तिच्यासाठी मारलं, तिच्यासाठी मागेन.

दार तेल घालून पुसलं. धप्प.

शनि. २८. रस्त्यावर

पेन्सिलीनं लिहितो आहे, मोटारीत बसून. बोरगावच्या अलीकडं. समोर मैलाचा दगड: अकोला १०. दुपारचा एक.

सकाळी नीट निघालो. बडनेऱ्याच्या फाटकाशी आगगाडीसाठी थांबावं लागलं. डबे पुढून गेले, अकोल्याकडंच. दा.सा. मागच्या गादीवर पाय लांब करून, "काय मऊ चालते रे." मूर्तिजापूरला चहाला थांबलो. सहज कामटी घातली. तीन खाचा ओल्या हव्या होत्या. दीड.

पुसून परत घातली. दीड.

दा.सा. म्हणाले, "अंगणात तर सहा होत्या ना?"

अंगणात. तेव्हा डोक्यात उजेड पडला. अंगणात मोटारीचं नाक वर असतं, पेट्रोल सगळं मागं जमतं, आणि झाकण मागं. खाचा चाचाच्या सपाट फरशीवर पाडलेल्या. भरलं पंपावर, सपाटीला; मोजलं घरी, चढावर. मोटार कधीच बाराची नव्हती. नऊ. फार तर दहा, उतारांचा एक धरून. बारा मैल नुसते अंगणाच्या उताराचे होते.

दा.सां.ना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग, "म्हणजे मी तोंड ओसरीकडं ठेव म्हणालो म्हणून?"

"हो."

"हे अकोल्यात कुणाला सांगू नको."

मूर्तिजापूरला पंप होता. फेब्रुवारीचं एकही कुपन उरलेलं नव्हतं, मार्चचं उद्यापासून. पंपवाल्यानं हात जोडले. तिथून रेल्वेनं जावं असं मी म्हणायला हवं होतं. तोंडाला आलं होतं. म्हणालो, "पोचवतो." उताराला सोडत, इंजिन बंद करत इथवर आणली. इथं दोनदा आचका दिला आणि थांबली.

तासभर काही आलं नाही. मग कोळशाच्या गॅसवरची एक बस आली, लोक टपावर बसलेले. ड्रायव्हरनं वकीलसाहेब म्हणून कसंबसं एकाला आत घेतलं. दा.सा. पायरीवरून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत कुणाकडून तरी दोन गॅलन उसने पाठवतो. मोटार सोडून हलायचं नाही. टायर काढून नेतात लोक. हललास तर सोमवारपासून येऊ नको."

बस गेली. कापसाच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या आहेत दोन्हीकडं. कुणी नाही.

दहा मैल. पायी तीन तास, मी चालतो तसा. पाचला पाहुणे. पोचलो तर धुळीनं भरलेला, विना मोटारीचा, कॉलेज सोडलेला, नोकरी गेलेला. मास्तर दारात विचारतील, कोण पाहिजे. काय सांगायचं? पुस्तक?

रेल्वेनं गेल्या मंगळवारीच पोचलो असतो. तेरा आणे की चौदा, तेवढंच तिकीट. तिनं दोनदा सांगितलं. एकदा तोंडानं, एकदा लिहून.

ते दोन आणे खिशात आहेत. खर्च केले नाहीत. परत द्यायचे आहेत, हे एक काम तरी नक्की आहे.

किल्ली गादीखाली ठेवली. कामटीही तिथंच. उतरलो. हे मडगार्डवर वही टेकवून उभ्यानं लिहितो आहे, पत्रा तापला आहे.

दार लावलं. एकदाच. निघालो.