तंबू नंबर चार आणि पेडगावचे पाहुणे

१ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोज लिहायचं. वही आमच्या कापसाच्या जिनिंगचे मालक दिनकरराव यांनी दिवाळीला दिली होती, जिनिंगचं नाव छापलेली. तीन महिने कपाटात पडून होती. माणसानं आयुष्य कागदावर आणलं की शिस्त येते.

सकाळी चहा घेताना सविताला विचारलं की मे महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होतात, तुला काय पाहिजे. मनात पैठणीचं उत्तर धरून होतो. ती म्हणाली, तीन दिवस अशा ठिकाणी जाऊ, जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही. मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे कोणाकडं चहा नाही, कोणाच्या पाया पडणं नाही, भाकरी थापणं नाही. एवढंच पाहिजे.

विचित्र मागणी. पंचवीस वर्षांत मी तिला काही कमी ठिकाणी नेलेलं नाही. जिथं गेलो तिथं आपलं कोणी ना कोणी निघालं आणि राहायची सोय झाली. आपली माणसं असताना लॉजवर उतरणं मला कधी पटलं नाही. तरी शब्द दिला.

भक्तीनं (आमची मुलगी, परभणीला बी.एस्सी. सेकंड इयर) लगेच मोबाईलवर शोधलं. आठ तासांवर एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं फॅमिलीसाठी कॅम्प आहे. तंबू, आत कॉट, मागं बाथरूम, तीन पायवाटा. तीन नंबरची वाट पाच किलोमीटर, शेवटी टोक, तिथून सूर्योदय. मे महिन्यात तिथं अंडं उकडेल म्हणून आत्ताच, शिवजयंतीला जोडून, चार दिवस. तंबू नंबर चार बुक.

भक्तीची एकच अट: बाबा, तिथं कोणालाही गाव विचारायचं नाही.

मला हसू आलं. मी काही एवढा कच्चा नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार
पहाटे पाचला उठून चालायचं ठरलं. स्टॅमिना हवा. उठलो ७.४०ला. कापसाच्या सीझनचा थकवा आहे, शरीर मागतं. उद्यापासून.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
चाललो. घरापासून रेल्वे स्टेशनपर्यंत. तिथं ओळखीचे भेटले, चहा झाला, मग त्यांनीच मोटारसायकलवर घरी सोडलं. एकूण अंतर धरलं तर बरंच होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
ट्रेकिंग शूज आणले. पायात बसावेत म्हणून जिनिंगच्या वजनकाट्यावर घालून गेलो. दिनकररावांनी विचारलं, पायाला प्लास्टर केलं का. या माणसाला जिनिंगपलीकडे जग नाही.

दुपारी भक्तीच्या अटीची प्रॅक्टिस केली. मी सत्तावीस वर्षं वजनकाट्यावर आहे. गाडी आली की पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा नाव काय, तिसरा वडलांचं नाव. त्यातून माणूस उलगडतो. आज ठरवून एका ट्रॅक्टरवाल्याला गाव विचारलं नाही. पण गावाशिवाय पावती फाडता येत नाही. तो बोलेना, मी विचारेना. मागं रस्त्यापर्यंत रांग लागली आणि दिनकरराव स्वतः बाहेर आले. प्रॅक्टिस बंद. प्रत्यक्षात जमेलच.

डाव्या टाचेला फोड आलाय.

१५ फेब्रुवारी, रविवार
सवितानं बॅग भरली. एकच. पहिल्या दिवसापुरते धपाटे घेणार, पुढं कॅम्पच्या कँटीनमध्ये जेवायचं, असं तिनं जाहीर केलं. आवाजात जरा अरेरावी वाटली.

तिनं स्वतःसाठी कॅनव्हासचे बूट आणलेत. पांढरे. पलंगाखाली ठेवलेत. झाडताना ते उचलते, पुसते, परत ठेवते. काल संध्याकाळी एकटीच घालून खोलीत चालत होती. मी आलो तर काढून ठेवले.

पांढरा रंग चुकीचा आहे, धुळीत टिकत नाही. सांगितलं तिला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
पाचला निघायचं होतं, आठ वाजून दहा मिनिटांनी निघालो. उशीर माझ्यामुळं झाला असं दोघींचं म्हणणं. भक्तीनं गाडी चालवली, मी रस्ता सांगितला. दोनदा चुकला, पण पाहायला मिळालं. साडेपाचला पोचलो.

जागा चांगली. सागाची झाडं, आठ तंबू, मधून मातीची वाट. वाघबिघ नाही, हरणं आणि मोर. सविता तंबूच्या पायरीवर बसली आणि चाळीस मिनिटं काहीही केलं नाही. मी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, खूप बरं वाटतंय.

गेटवर रजिस्टर होतं. वनरक्षकानं स्वतः लिहून घेतलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मी उलट काही विचारलं नाही. भक्तीनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. पण सेलू लिहिताना त्याचं पेन थांबलं. म्हणाला, माझ्या आईचं म्हायेर तिकडलंच हाय. मी बॅग उचलली आणि चालू लागलो. याला कंट्रोल म्हणतात.

६.२० वा.
गरम पाण्यासाठी ऑफिसकडं गेलो तर तोच होता. महारुद्र नाव. मी गाव विचारलं नाही. फक्त एवढंच म्हटलं की तिकडलंच म्हणजे? याला विचारणं म्हणत नाहीत, हे स्पष्टीकरण मागणं झालं.

तर पेडगाव! माझी मावशी पेडगावातच दिलेली. अकरा मिनिटांत सगळं जुळलं. त्याची आई कस्तुराबाई म्हणजे माझ्या मावशीची चुलत नणंद. माझ्या मावसभावांची आत्या, म्हणजे माझीही आत्याच. महारुद्रानं पाण्याची बादली खाली ठेवून मला मिठी मारली आणि दादा म्हणाला. परक्या मुलखात, जंगलात, अकरा मिनिटांत! हे प्रत्येकाला जमत नाही.

तंबूत सांगितलं नाही. सरप्राइज.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
आज टोकावर सूर्योदय पाहायचा होता. सव्वापाचला तंबूबाहेर जीप वाजली. महारुद्र. आत्यांचा निरोप होता: घर आसताना कापडाच्या घरात ऱ्हायलेत, लोक मला काय म्हनतील?

मी सविताला म्हटलं, अर्धा कप चहा, पंधरा मिनिटं. वाट कुठं पळून जात नाही. सविता तयारच बसली होती, बूट घालून. मग तिनं बॅगेतून साडी काढली आणि पंजाबी ड्रेस घडी करून ठेवला.

महारुद्राचं गाव गेटपासून तीन किलोमीटर. आत्या दारातच उभ्या होत्या. मला बघून रडायला लागल्या. आईबाप गेल्यापासून म्हायेरचं मानूस आलं न्हाई, सहा वरसं झाली, म्हणाल्या. पेडगावच्या लिंबाचं, विहिरीचं विचारत होत्या. मी पेडगावला शेवटचा नवव्या वर्षी गेलो होतो, पण सगळी माहिती दिली. माझेही डोळे भरून आले. खोटं कशाला लिहू.

चहाचा नाश्ता झाला, नाश्त्याचं जेवण. सविता नात्यानं त्यांची सून, त्यामुळं डोक्यावर पदर आलाच. पाया पडणं झालं. चुलीपुढं कोणीतरी बसायलाच पाहिजे होतं, ती बसली. किती भाकरी केल्या मोजल्या नाहीत, पण आत्यांनी तोंडभरून कौतुक केलं: लय गुनाची सून हाय. मी म्हटलं, आहेच. भक्ती माझ्याशी बोलली नाही. वयच तसं असतं.

एक छोटी गोष्ट झाली. सविताचे बूट दारात होते, ते घालून कोणीतरी गोठ्यात जाऊन आलं. धुतले की निघेल.

परत आलो साडेचारला. पायवाटा चारला बंद होतात. सविताला म्हटलं, उद्या नक्की. ती हो म्हणाली. मी म्हटलं, खरंच नक्की. ती पुन्हा हो म्हणाली. दोन्ही हो सारखेच वाटले.

२१ फेब्रुवारी, शनिवार
आजचा प्लॅन ठरला तसा झाला नाही, पण त्यात माझा दोष नाही.

सकाळी सातला (सूर्योदय झाला होता, पण उन्हाचीही मजा असते) तिघं तीन नंबरच्या वाटेला लागलो. चारशे मीटरवर माझ्या टाचेनं मान टाकली. बूट काढून दगडावर बसलो. दोघी पुढं जायला तयार होत्या, पण आपण फॅमिली कॅम्पला आलोय, फॅमिलीनं एकत्र राहावं, असं मी समजावलं. परत आलो तर तंबू नंबर चारमध्ये दुसरंच कुटुंब. त्यांचं पोरगं आमच्या पायरीवर बिस्कीट खात होतं.

महारुद्रानं आमच्या बॅगा उचलून आत्यांच्या घरी नेऊन ठेवल्या होत्या. म्हणाला, दादा, मानसं वेटिंगला होती, तुमी तर घरचेच. त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. त्याला काय बोलणार? सविताकडं बघायचं मी टाळलं.

दुपारी त्यानं मोटारसायकलवर मला मागच्या रस्त्यानं थेट टोकापर्यंत नेलं. सविता चुलीपाशी होती, तिला कसं बोलवणार. टोक सुंदर आहे. दरी, खाली तळं. फोटो काढले. घरी येऊन तिला सगळं नीट वर्णन करून सांगितलं, म्हणजे तिचंही झाल्यासारखंच. ती पीठ मळत होती. म्हणाली, तळं पण आहे का.

संध्याकाळी आत्यांनी शेजारीपाजारी बोलावले. पेडगावचे पाहुणे बघायला पंचवीसेक माणसं. मला टॉवेल-टोपी. सविताची ओटी भरली, साडी नेसवली. हिरवी, बरी होती. मी तिच्या कानात म्हटलं, बघ, शेवटी पंचविसाव्या वर्षाची साडी झालीच.

तिनं माझ्याकडं जसं बघितलं ते लिहीत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सातला आत्यांनी उठवलं. सून घरात न्हाई.

जे झालं ते शांतपणे लिहितो. विहीर बघितली. गोठा बघितला. आत्या देवापुढं बसल्या. भक्ती चहा पीत होती. तिला माहीत होतं, सांगत नव्हती. पंचवीस वर्षांत ही बाई मला न सांगता दळणालासुद्धा गेलेली नाही.

महारुद्रासोबत गेटवर गेलो. बदलीवरचा कोणी नवीन माणूस होता. रजिस्टर पाहिलं. सविताचं अक्षर. वेळ ५.४०. वाट नंबर तीन. गाव: रेघ. सोबत: कोणी नाही.

वर जायला निघालो होतो, पण टाच. गेटपाशी बसून राहिलो. साडेनऊला ती खाली आली. हिरव्या साडीचा ओचा खोचलेला, पायात ते बूट, शेणाचा डाग तसाच. हळूहळू येत होती, घाई नसलेल्या माणसासारखी. ओरडायचं ठरवलं होतं, जमलं नाही. विचारलं, काय पाहिलंस? म्हणाली, काही नाही, बसले होते.

आत्यांनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि सेलूला येईन म्हणाल्या. मी आग्रह केला.

परतीच्या आठ तासांत सविता एकदाच बोलली. जिंतूरच्या अलीकडं. म्हणाली, त्या गेटवरच्या माणसानं मला गावच विचारलं नाही.

२ मार्च, सोमवार
त्या चार दिवसांचा हिशेब मनात मांडला. ट्रिप एकंदरीत यशस्वी. तुटलेलं एक नातं जोडलं गेलं. सविता हल्ली कमी बोलते, पण प्रवासाचा शीण उतरायला वेळ लागतो. बूट तिनं धुतले. डाग पूर्ण गेला नाही. पलंगाखाली परत ठेवलेत.

७ मार्च, शनिवार
महारुद्राचा फोन. आत्यांना डोळे मिटायच्या आत पेडगाव बघायचंय. गुरुवारी जीप करून नऊ जण येणार, रविवारपर्यंत. त्यानं लॉजचं विचारलं. मी म्हटलं, घर असताना लॉज? मला काय लोकांत तोंड दाखवायचं नाही?

सविताला सांगितलं. वाटलं होतं भांडेल. तिनं शांतपणे विचारलं, नक्की कोण कोण. मी नावं सांगितली. तिनं विचारलं, महारुद्र भावजीपण? हो. सगळेच? हो, घराला कुलूप लावून येणार. तिनं पुन्हा तारखा विचारल्या आणि भक्तीला फोन लावला.

मग मला सांगितलं. बारा ते पंधरा मार्च, तंबू नंबर चार, दोन माणसं, ती आणि भक्ती. ते सगळे इकडं आहेत म्हटल्यावर तिकडं आता आपल्याला ओळखणारं कोणी नाही, म्हणाली.

मी म्हटलं, नऊ माणसांचं कोण करणार? ती म्हणाली, तुम्ही बोलावलंय.

भाकरी काही अवघड नसावी. उद्यापासून पहाटे पाचला उठून शिकायची.

१२ मार्च, गुरुवार
उठलो ७.४०ला. पलंगाखाली बूट नव्हते.

जीप दारात वाजली. नऊ माणसं. आत्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, घरभर बघितलं आणि विचारलं, सून कुठं हाय. मी म्हटलं, गावाला गेली. त्यांनी विचारलं, कोनाकडं?

मी बराच विचार केला. मग खरं ते सांगितलं, कोणाकडंच नाही.

त्या म्हणाल्या, आसं कुठं आसतंय का. मग पदर खोचून उठल्या आणि विचारलं, पीठ कुठं ठिवलंय.

मला माहीत नव्हतं.