संक्रांतीच्या आधी तीन बोटं

५ जानेवारी, संध्याकाळ

जिंकले मी. आत सासूबाई भाकरी थापतायत आणि मी पाय पसरून हे लिहितेय.

बावीस डिसेंबरला भूगोलाचं पुस्तक वाचता वाचता सहज म्हणाले, आजचा दिवस सगळ्यांत लहान, उद्यापासून वाढणार. सासूबाई हसल्या. "संक्रांत झाल्याबिगर दिवस वाढत न्हाय. पुस्तकाला काय कळतंय?"

पैज लागली. थंडीत ऊन घरात आत आत येतं, दिवस वाढायला लागला की मागं सरतं. ते संक्रांतीआधी मागं सरलं, तर माझी दहावीची परीक्षा होईपर्यंत संध्याकाळच्या भाकरी त्यांच्याकडं. नाहीतर पुस्तकं रद्दीत. चाळिशीतलं शिकायचं खूळ संपलं.

दुपारी साडेबाराला खिडकीतलं ऊन जिथवर आलं, तिथं फरशीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. आठवडाभर ऊन तिथंच. रोज फरशी पुसताना त्या ठिपक्याशी हात अडायचा. पुस्तक चुकलं असेल? की मलाच वाचता येत नाही?

आज ऊन ठिपक्याच्या तीन बोटं अलीकडंच थांबलं. सासूबाईंनी स्वतः वाकून बोटं लावली. दोनदा. संध्याकाळी सरळ परात पुढं ओढली.

ठिपका मी पुसणार नाही.

आत्ता शेजारच्या काकू आल्यात. भाकरी थापता थापता त्यांना सांगणं चाललंय, "संक्रांतीपर्यंत कशाला थांबायचं? आमच्या सुनंनं दिवस आधीच वाढवलाय की."